बंद वेटोळ्यावरचं एकूण बल शून्य, मग माझा स्पीकर हलतो कसा?

भोंगावाला · रविवार, रात्री 11.40

मंडळी, विषय पुस्तकातला आहे पण पेटलाय आमच्या घरात, म्हणून इथं टाकतो.

माझा साऊंडचा धंदा. वरात, हळद, जत्रा, गणपती. तासगावच्या बाजूला चार गावांत माझेच बॉक्स फिरतात. मागच्या आठवड्यात एका हळदीत अ‍ॅम्पचा एक चॅनेल गेला आणि 15 इंची स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) एकदम बाहेर येऊन तिथंच थांबला. परत आत जाईना. आवाज बंद, आणि दोन मिनिटांत तो ओळखीचा वास. खोलून बघितलं तर कोनाला चिकटवलेली तारेची कॉईल कोळसा. अ‍ॅम्प 70-70 व्होल्टच्या रेलचा आहे, म्हणजे आत अधिक 70 आणि उणे 70 व्होल्टचा डीसी असतो.

रिकोन किट (नवा कोन आणि कॉईलचा तयार संच) महाग पडतं, म्हणून मी कॉईल घरीच गुंडाळतो. 3 इंचाचा फॉर्मर (ज्या नळीवर तार गुंडाळतात ती), 30 नंबरची एनॅमल वायर, 100 वेढे. पन्नास खाली जाताना, पन्नास वर येताना. ओटीवर बसून हेच चाललं होतं, आणि थोरली शेजारी बारावीचं फिजिक्स घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, आमच्या पुस्तकात लिहिलंय, धारा वाहणाऱ्या बंद वेटोळ्यावर चुंबकाचं एकूण बल शून्य असतं. ते नुसतं फिरतं, सरकत नाही." मी म्हटलं, मग हा कोन काय तुझ्या पुस्तकाला विचारून हलतो काय?

ती काही ऐकेना. गणित काढून दाखवलं. एनसीईआरटीचं आहे म्हणाली. 10 सेंटिमीटरची चौकोनी कॉईल, 20 वेढे, 12 अँपिअर, 0.8 टेस्ला, 30 अंशांचा कोन. उत्तर 0.96 न्यूटन-मीटर, म्हणजे पीळ. ढकलणारं बल शून्य. गणितात मला चूक काढता येईना आणि स्पीकरवर मला शंका घेता येईना.

तर पहिला प्रश्न हा, की दोघांपैकी चुकतंय कोण?

दुसरा माझा स्वतःचा. वीस वर्षं गुंडाळतोय पण कुणाला विचारलं नाही, लाज वाटायची. पहिला थर खाली जातो, दुसरा वर येतो. मग दोन्ही थरांचा जोर एकमेकांना मारत कसा नाही?

वायरमन_७ · सोमवार, सकाळी 7.05

दादा सोपं आहे. पुस्तकातलं सगळं डीसीचं असतं. स्पीकरला एसी जातो, म्हणून तिथं तो नियम लागत नाही. आणि दुसरा थर उलट्या बाजूनं गुंडाळायचा असतो, नाहीतर कटतो.

भोंगावाला · सोमवार, सकाळी 7.20

भाऊ, पेन्सिल सेल लावला तरी कोन उडी मारतो आणि सेल काढेपर्यंत तिथंच राहतो. सेल कुठनं एसी देतो? आम्ही फेज बघतो तेच तसं. लाल टर्मिनलला प्लस लावला की कोन बाहेर यायला पाहिजे. उलट्या बाजूनं दुसरा थर मात्र मी कधीच गुंडाळला नाही, आणि माझे स्पीकर वाजतात.

निवृत्त_मास्तरीण · सोमवार, सकाळी 10.15

वायरमनभाऊ, राग मानू नका, पण दोन्ही उत्तरं चुकलीत. दुसरं तर कुणी करून बघू नये, तार वाया जाईल.

दादा, तुमच्या घरात कुणीच चुकत नाहीये. मुलीनं वाक्य सांगताना एक शब्द गाळला असावा, किंवा तिनं सांगितला असेल आणि तुम्ही तो कॉईलच्या नादात ऐकला नसेल. एकसमान चुंबकीय क्षेत्रात बंद वेटोळ्यावरचं एकूण बल शून्य. एकसमान म्हणजे सगळीकडे सारख्याच जोराचं आणि सारख्याच दिशेचं. सगळी मेख त्या दिशेत आहे.

घरातली एक बांगडी घ्या आणि तळहातावर आडवी ठेवा. समजा तिच्यातून गोल गोल धारा वाहतेय आणि चुंबकाचं क्षेत्र डावीकडून उजवीकडे, सगळीकडे सारखं. आता बांगडीच्या उजव्या कडेला धारा तुमच्यापासून लांब जातेय, तर डाव्या कडेला तीच धारा तुमच्याकडे येतेय. क्षेत्र दोन्हीकडे तेच. डाव्या हाताची बोटं लावून बघा, फ्लेमिंगचा नियम तिला पाठच असेल. एका कडेवर बल वर येतं, समोरच्या कडेवर तेवढंच खाली. अगदी पुढच्या आणि अगदी मागच्या ठिकाणी धारा क्षेत्राला समांतर, म्हणून तिथं बलच नाही. बांगडी कलते, पण जागची उठत नाही. तिच्या गणितातही हेच आहे. चौकोनाच्या दोन उभ्या बाजूंवर प्रत्येकी 19.2 न्यूटन बल आहे, म्हणजे जवळजवळ दोन किलोचा जोर. तो शून्य नाही. फक्त दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध ओढतात, म्हणून बेरीज शून्य आणि उरतो तो पीळ.

आता तुमचा स्पीकर. जळकी कॉईल काढलीत तेव्हा आत गोल फट दिसली असेल. मधे लोखंडाचा गोल खांब, बाहेर जाड लोखंडी पट्टीतलं गोल भोक, आणि दोघांच्या मधे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट. मागच्या चुंबकाचं क्षेत्र खांबातून वर येतं आणि त्या फटीतून चहूबाजूंनी बाहेरच्या पट्टीत जातं. सायकलच्या चाकाच्या आऱ्या जशा तुंब्यातून निघून रिमकडे जातात ना, अगदी तसं. (चुंबक उलटा बसवला असेल तर रिमकडून तुंब्याकडे. मुद्दा तोच.)

त्या फटीत तुमची बांगडी बसवा. उजव्या कडेला धारा लांब जातेय, क्षेत्र उजवीकडे. डाव्या कडेला धारा उलटी झाली हे खरं, पण आता क्षेत्रही उलटं झालं, डावीकडे गेलं. उलट्याचं उलट म्हणजे सुलट. बल दोन्हीकडे एकाच बाजूला. पुढच्या-मागच्या ठिकाणी मघाशी काहीच बल नव्हतं, तिथंही आता क्षेत्र तारेला काटकोनात आहे, तिथंही तोच जोर. बांगडीचा प्रत्येक तुकडा एकाच दिशेनं ढकलला जातो. कोन बाहेर.

थरांचं. तार वर चढतेय की खाली उतरतेय याच्याशी बलाला जवळजवळ देणंघेणं नाही. ती खांबाभोवती कोणत्या बाजूनं फिरतेय एवढंच बघायचं. जिना उतरताना घड्याळाच्या दिशेनं गुंडाळलंत आणि चढतानाही हात घड्याळाच्याच दिशेनं फिरत राहिला, तर दोन्ही थर एकमेकांना मदत करतात. वायरमनभाऊ म्हणतात तसा दुसरा थर उलट्या हातानं गुंडाळलात तर मात्र पन्नास वेढे पन्नास वेढ्यांना मारतील. कोन ढिम्म हलणार नाही आणि कॉईल नुसती तापेल.

वायरमन_७ · सोमवार, सकाळी 10.40

बाई, सुलट्या हातानंच म्हणायचं होतं मला. लिहिण्यात चूक झाली.

निवृत्त_मास्तरीण · सोमवार, सकाळी 10.52

बरं.

आर्मेचर_अण्णा · सोमवार, दुपारी 2.30

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, स्पीकरच्या कॉईलही करतो. बाईंनी सांगितलं ते सोळा आणे. थोडं हातातलं सांगतो.

दोन थर का असतात? पहिला थर वरून सुरू करून खाली न्यायचा, दुसऱ्यानं परत वर यायचं, म्हणजे तारेची दोन्ही टोकं कोनाच्या बाजूला निघतात. एकच थर केला तर एक टोक खाली गॅपमधे अडकतं, ते वर आणायला जागा नसते. म्हणून थर बहुतेक दोन किंवा चार. तीन थरांची कॉईल मी तरी अजून बघितली नाही.

जळकी कॉईल उलगडण्याआधी वेढे मोजा आणि हात कोणत्या बाजूनं फिरलाय ते स्केचपेननं फॉर्मरवर बाण काढून ठेवा. दोन्ही थर मिळून सगळंच उलट्या हातानं गुंडाळलं गेलं तरी स्पीकर वाजतो, फक्त लालला प्लस लावल्यावर कोन आत जातो. टोकांची अदलाबदल केली की झालं. पण ते न बघता एकाच बॉक्समधे एक सुलटा, एक उलटा बसवलात तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि बेस गायब. मागं एकजण असा बॉक्स घेऊन आला होता. त्यानं तोवर अ‍ॅम्प बदलला होता, वायरी बदलल्या होत्या, बेस नाही म्हणून सुपारी गेली होती. मी एका स्पीकरच्या दोन वायरी फिरवल्या. पैसे घ्यायचीही लाज वाटली (घेतले).

तुमच्या कॉईलचा हिशोब करू. 3 इंची फॉर्मर साधारण 75 मिलिमीटरचा धरा, म्हणजे एक वेढा 23.6 सेंटिमीटर. 100 वेढे म्हणजे 23.6 मीटर तार. 30 नंबरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला 0.22 ओहमच्या आसपास, म्हणजे कॉईल 5.2 ओहमची. 8 ओहम म्हणून विकतात त्याचा डीसी रेझिस्टन्स तेवढाच येतो. एका थरात पन्नास वेढे म्हणजे कॉईलची उंची साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास, आणि पट्टीची जाडी समजा 9. म्हणजे एका वेळेला निम्मीच तार गॅपमधे, 11.8 मीटर. बाकीची वरखाली लोंबते. ती वाया गेलेली नाही. कॉईल पुढंमागं हलली तरी गॅपमधे तेवढीच तार राहावी म्हणून ती तशी ठेवलेली असते.

क्षेत्र 1 टेस्ला धरा. बल = क्षेत्र × धारा × लांबी. एका अँपिअरला 11.8 न्यूटन. 5 अँपिअर दिले की 59 न्यूटन, म्हणजे सहा किलोचा जोर. कोन आणि कॉईलचं वजन मिळून सव्वाशे ग्रॅम असेल. आता कळेल बेसला छातीत का बसतं.

आणि तुमची कॉईल जळली का, तर चॅनेल गेला तेव्हा 70 व्होल्टचा सरळ डीसी स्पीकरवर आला. भाग 5.2 ओहमनं. पहिल्या क्षणाला साडेतेरा अँपिअर, म्हणजे 900 वॉटच्या वर, सगळी उष्णता. जोर दीडशे न्यूटनच्या वर, तोही एकाच बाजूला, म्हणून कोन बाहेर येऊन थांबला. स्पायडरनं (कॉईलला मधोमध धरणारी लवचिक चकती) धरला नसता तर कॉईल गॅपच्या बाहेर आली असती. वाजणारा स्पीकर हलतो, त्या हलण्यानं कॉईलला थोडी तरी हवा लागते. थांबलेल्या कॉईलला तीही नाही. नवी कॉईल बसवण्याआधी अ‍ॅम्पच्या आउटपुटला डीसी किती येतोय ते मीटरवर बघा, नाहीतर परत तोच वास.

भोंगावाला · सोमवार, रात्री 9.10

अण्णा, अ‍ॅम्प दुरुस्तीला टाकलाय. डीसी प्रोटेक्शनचा रिले (डीसी आला की स्पीकर तोडणारा स्विच) चिकटला होता म्हणे.

अजून एक विचारतो. रात्री नवाला सुरू केलेला साऊंड साडेनवाला जोरात असतो, तासाभरानं तोच व्हॉल्यूम ठेवला तरी बसल्यासारखा वाटतो. गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही बारीक केला. मी हातही लावलेला नसतो. हे मनाचे खेळ का?

आर्मेचर_अण्णा · सोमवार, रात्री 9.45

मनाचे खेळ नाहीत. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, अंशाला साधारण 0.39 टक्के. कॉईल 25 अंशांवरून 225 वर गेली तर 5.2 ची 9.2-9.3 ओहम होते. अ‍ॅम्प व्होल्टेज तेवढंच देतो, मग धारा घटते आणि बलही त्याच प्रमाणात घटतं. पोरं काय करतात, व्हॉल्यूम वाढवतात. मग ती अजून तापते.

जुना_व्हॉल्व्ह · मंगळवार, पहाटे 5.30

वय 78. मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. झोप लागत नाही म्हणून वाचत बसतो, आज विषय आमचा निघाला.

आता बहुतेक स्पीकरला मागं काळा फेराइटचा चुंबक असतो. आमच्या काळी व्हॉल्व्हच्या जुन्या सेटांत चुंबकच नसायचा. त्याजागी तारेचं दुसरं जाडजूड वेटोळं, त्याला फील्ड कॉईल म्हणायचे. सेट चालू केला की त्यातून डीसी जायचा आणि लोखंडी खांबाचा चुंबक व्हायचा. सेट बंद, चुंबक बंद. म्हणजे एका वेटोळ्यानं क्षेत्र तयार करायचं आणि दुसऱ्यानं त्यात नाचायचं. नवशिका पोरगा असला स्पीकर सुटा काढून सेल लावून बघायचा, कोन हलायचा नाही, आणि बिचारा चांगली कॉईल उलगडून ठेवायचा. मीही एकदा ठेवलीय.

आज जो कोनाचा स्पीकर वापरता त्याची घडण अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी 1925 साली मांडली. शंभर वर्षं झाली. गॅप तीच, कॉईल तीच.

आता मुलीसाठी. घरात काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर उघडायला लाव. त्यातही चुंबक, मधे लोखंडाचा गोल तुकडा आणि बाजूला गोलाईची फट. बघितलं तर स्पीकरचा धाकटा भाऊ वाटेल. पण स्पीकरची तार खांबाभोवती फिरते, मीटरची तार खांबाच्या लांबीनं एका बाजूनं खाली जाते आणि समोरच्या बाजूनं वर येते. शिवाय मीटरमधे क्षेत्र एका बाजूनं आत शिरतं आणि दुसरीकडून बाहेर पडतं, आऱ्यांसारखं चहूकडे सुटत नाही. म्हणून तिथं जोर एका बाजूला असा, दुसऱ्या बाजूला तसा, आणि काटा फिरतो. तो केसासारखा बारीक स्प्रिंग पीळ खाऊन त्याला थांबवतो. एकच वस्तू, तार कशी घातली त्यावर ढकलणार की फिरणार ते ठरतं. भोंगावाल्याचा स्पीकर ढकलतो, पोरीच्या पुस्तकातलं वेटोळं फिरतं.

जळलेलीच्या जागी नवी कॉईल बसवताना ती फटीत मधोमध राहावी म्हणून एक्स-रेच्या पट्ट्या घालता ना?

भोंगावाला · मंगळवार, सकाळी 8.00

घालतो काका. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे होता, त्याच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. चार पट्ट्या चार बाजूंना, गोंद वाळला की ओढून काढायच्या. तिला अजून माहीत नाही.

भोंगावाला · मंगळवार, रात्री 10.20

मी मुलगी लिहितेय, पप्पांच्या फोनवरून. मी "एकसमान" म्हटलं होतं. पप्पा तेव्हा वेढे मोजत होते, ओठ हलवत.

बाई, मला एक वेगळी वाट सापडली, बरोबर आहे का सांगा. कॉईल फटीत 1 मिलिमीटर वर सरकली, तर तेवढ्या उंचीच्या पट्टीतून जाणारे क्षेत्र तिच्या आतून जायचं बंद होतं, ते आता तिच्या खालून बाहेर पडतं. ती पट्टी 23.6 सेंटिमीटर लांब आणि 0.1 सेंटिमीटर रुंद, 2.36 चौरस सेंटिमीटर. 1 टेस्ला धरून फ्लक्समधला फरक 0.000236 वेबर. म्हणजे मीटरमागे 0.236. त्याला गॅपमधले 50 वेढे आणि 1 अँपिअर यांनी गुणलं. परत 11.8 न्यूटन आले! एकसमान क्षेत्रात कॉईल कुठंही सरकवली तरी फ्लक्स तोच राहतो, म्हणून बल शून्य. असं म्हणता येतं का?

आणि कॉईलवर बल बाहेरच्या बाजूला, तर उलटं बल कुणावर?

निवृत्त_मास्तरीण · बुधवार, सकाळी 9.30

म्हणता येतं. हे तुला शिकवलेलं नसताना काढलंस. पेपरात मात्र विचारलेलंच लिही, तपासणाऱ्याला घाई असते.

उलटं बल चुंबकावर आणि त्याच्या लोखंडावर. चुंबक सांगाड्याला, सांगाडा बॉक्सला. मोठ्या आवाजात बॉक्स सरकताना पप्पांनी बघितलाच असेल.

भोंगावाला · बुधवार, दुपारी 1.15

बघितलाय काय, ट्रॉलीवरून एकदा खाली आलाय. तेव्हापासून खाली ट्यूबचं रबर घालतो आणि वरून पट्टा मारतो.

भोंगावाला · गुरुवार, रात्री 11.55

कॉईल बसली. सेल लावला, कोन बाहेर. घासत नाही.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. थोरलीनं स्पीकर जमिनीवर तोंड वर करून ठेवला, डस्ट कॅपवर (कोनाच्या मधली टोपी) केरसुणीची काडी टेकवली, काडीचं एक टोक विटेवर आणि दुसरं लांब टोक भिंतीजवळ. भिंतीवर पेन्सिलीनं खूण. सेल लावला की कोन अर्धा-पाऊण मिलिमीटर उठत असेल, पण काडीचं टोक भिंतीवर त्याच्या काही पट वर जातं. मग शेजारच्या किराणा दुकानातनं वजनं आणली आणि सेल लावून ठेवून कोनावर एकेक ठेवत गेली, काडी जुन्या खुणेवर येईपर्यंत. तिचा हिशोब असा: 1.5 व्होल्ट भागिले 5.2 ओहम, गुणिले 11.8, म्हणजे 3.4 न्यूटन, म्हणजे 347 ग्रॅम.

200 चं ठेवलं, 100 चं ठेवलं, काडी खुणेच्या किंचित वर. 50 चं ठेवलं तर खाली गेली. ते काढून दुसरा एक पेन्सिल सेल आडवा ठेवला तेव्हा बरोबर बसली. तो सेल तराजूत 23 ग्रॅम भरला. म्हणजे 323. वरचे 24 ग्रॅम कुठं गेले म्हणून ती अजून जागी आहे.

आर्मेचर_अण्णा · शुक्रवार, सकाळी 7.10

सेल लावलेला असताना त्याचं व्होल्टेज मोजा.

भोंगावाला · शुक्रवार, सकाळी 7.50

1.4.

निवृत्त_मास्तरीण · शुक्रवार, सकाळी 8.20

1.4 नं केलं तर 324 येतं. पण तिला सांगा, 1 टेस्ला हा अण्णांचा अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हे. इतकं तंतोतंत जुळलं यात थोडा नशिबाचाही वाटा आहे. आता तिनं उलटं करावं: वजन मोजलंय, धारा मीटरनं मोजावी, आणि त्यावरून क्षेत्र काढावं.

भोंगावाला · शुक्रवार, सकाळी 8.30

संध्याकाळी सांगतो. स्पीकर आज दुपारी सावर्ड्याला जायचाय, आणि किराणावाला 200 चं वजन मागतोय.